शालेय सर्वेक्षणातील संमती व संशोधननीती : परभणी जिल्हा

शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींकडून प्रश्नावली, मुलाखत, चाचणी किंवा शारीरिक मोजमापाद्वारे माहिती घेताना संशोधकाने पाळावयाचे नियम व संकेत. पालकांची माहितीपूर्ण संमती, मुलाचा स्वतःचा होकार आणि मिळालेल्या माहितीची गुप्तता हे त्याचे तीन आधार होत. शिक्षण विभागाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या परवानगीने संशोधकाला शाळेत प्रवेश मिळतो. ती परवानगी या तिन्हींपैकी कशाचीही जागा घेत नाही.

पार्श्वभूमी : संशोधनात सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) मांडले. हेलसिंकी जाहीरनाम्याने (१९६४) अज्ञान व्यक्तीच्या वतीने पालकाने संमती देण्याची सोय केली. केवळ पालकाची सही पुरेशी नसते, हे न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या निवासी संस्थेतील प्रयोगांनी दाखवून दिले. तेथे १९५० च्या दशकापासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना हेतुपुरस्सर काविळीचा संसर्ग केला गेला. पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या. मात्र त्यांतील काहींवर मुलाच्या प्रवेशाचे दडपण होते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने (१९८९) मुलाला मत मांडण्याचा आणि खासगीपणाचा हक्क दिला. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

भारतात या विषयाची सर्वाधिक चर्चा घडवली ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पाने. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या मुलींना ही लस देण्यात आली. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतीच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. आंध्रमधील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाचे अधीक्षक किंवा मुख्याध्यापक यांच्या सह्या होत्या. हा प्रकल्प सर्वेक्षणाचा नव्हता. तरी शाळेची सही पालकाच्या सहीऐवजी चालवण्याची सवय किती खोल आहे, हे त्यातून उघड झाले.

नियम : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिले नैतिक धोरण १९८० मध्ये प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये तिने सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वांबरोबर मुलांवरील संशोधनासाठी स्वतंत्र तत्त्वेही दिली. त्यांनुसार सात वर्षांखालील मुलासाठी पालकाची संमती घ्यावी. सात ते बारा या वयात त्याशिवाय मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा या वयात लेखी होकार आवश्यक ठरतो. पालकाला वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवून अंगठा घ्यावा, अशी तरतूद आहे. आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकारातून २००० मध्ये नैतिक तत्त्वे तयार झाली.

नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांमुळे आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना नोंदणी करावी लागते. निव्वळ शैक्षणिक सर्वेक्षणाला मात्र असे वैधानिक बंधन नाही. ही उणीव या विषयाचा कळीचा मुद्दा आहे.

परभणीतील क्षेत्र : परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांतील शाळा हे सर्वेक्षणांचे क्षेत्र आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मानव विकास व आहारशास्त्र हे विषय शिकवले जातात. तेथील संशोधकांप्रमाणे बी.एड., एम.एड. चे विद्यार्थी आणि कृती संशोधन करणारे शिक्षकही शाळांतून माहिती गोळा करतात. शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक अशी परवानगीची उतरंड असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सर्वेक्षणाची माहिती गावात पोचवण्यास ही समिती उपयुक्त आहे. पण तिचा ठराव म्हणजे प्रत्येक पालकाची संमती नव्हे.

अडचणी : (१) पालकांची अनुपस्थिती. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. शाळेचे दुसरे सत्र याच काळात येते. अशा वेळी अधीक्षकाची सही घेऊन काम उरकण्याऐवजी, पालकांशी फोनवर बोलून साक्षीदारासमोर नोंद करण्यासारखी पद्धत नैतिकता समितीकडून आधीच मान्य करून घेणे इष्ट.

(२) भाषा व साक्षरता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. मराठी पत्रक उर्दू माध्यमाच्या शाळेतील किंवा गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरील पालकापर्यंत पोचतेच असे नाही. पत्रक घरी पाठवून उत्तर न आल्यास होकार धरणे येथे विशेष धोक्याचे ठरते. उलट, प्रत्येक पालकाच्या लेखी संमतीचा आग्रह धरल्यास गरीब घरची मुलेच पाहणीतून गळण्याचा संभव असतो. घरोघरी जाऊन मजकूर वाचून दाखवणे, हा त्यावरील खर्चिक पण खरा उपाय.

(३) वर्गातील दडपण. गुरुजी समोर उभे असताना मूल ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून प्रश्नावली भरताना वर्गशिक्षकाने बाहेर थांबावे, न भरणाऱ्या मुलाला दुसरे काम द्यावे आणि गुणांशी याचा संबंध नाही हे आधी सांगावे, असा संकेत आहे.

(४) संवेदनशील विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) परभणीतील २० ते २४ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झाल्याचे आढळले. बालविवाहाबद्दल शाळकरी मुलीला विचारायचे, तर तिचे लग्न ठरवणाऱ्यांचीच संमती मागावी लागते. संमतिपत्रातील शब्दांमुळे मुलगी अडचणीत येणार नाही, याची काळजी नैतिकता समितीला घ्यावी लागते.

(५) ओळख. लहान शाळेत नाव वगळल्याने ओळख लपत नाही. इयत्ता, तांडा आणि पालकांचा व्यवसाय एवढ्यावरून मूल ओळखता येते. त्यामुळे अहवालात गावाऐवजी तालुक्याचे एकत्रित आकडे द्यावे लागतात.

कायदे : लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन संशोधकाला देता येत नाही. गुप्ततेची मर्यादा सुरुवातीलाच सांगावी लागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा (२०२३) अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती मागतो. संशोधन व सांख्यिकीला त्यात अटींसह सवलत आहे.

मोठ्या पाहण्या : ‘प्रथम’ संस्थेशी संलग्न ‘असर’ ही पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात घरी जाऊन केली जाते. जिल्ह्यात साधारणपणे तीस गावे आणि प्रत्येक गावात वीस घरे निवडतात. शाळाबाह्य मुलेही त्यात येतात आणि पालकाशी थेट बोलता येते. याउलट ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण (४ डिसेंबर २०२४, इयत्ता तिसरी, सहावी व नववी) शासकीय आदेशाने निवडक शाळांत झाले.

मूल्यमापन : परभणीसारख्या जिल्ह्यात प्रश्न नियमांच्या अभावाइतकाच ते कोणाला लागू होतात याचा आहे. आरोग्यविषयक पाहणी नैतिकता समितीपुढे जाते. पदवीसाठी केलेली शैक्षणिक पाहणी मुख्याध्यापकांच्या शिक्क्यावर पूर्ण होऊ शकते, जरी दोन्हींत माहिती देणारे मूल एकच असले तरी. विद्यापीठांनी प्रबंधासोबत पालकांची संमती व मुलांचा होकार यांची नोंद सक्तीची केल्यास ही तफावत नव्या कायद्याविनाही दूर होऊ शकते.