हाचिजो : समुद्राने जपलेली प्राचीन बोली

जपानची राजधानी टोकियोच्या दक्षिणेस सुमारे २८७ किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात हाचिजोजिमा हे ज्वालामुखीजन्य बेट आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते टोकियो महानगराचाच भाग मानले जाते. हानेदा विमानतळावरून निघालेले विमान तासाभरात तेथे उतरते. मात्र, बेटावरील वृद्ध मंडळी आपसांत बोलू लागली, की टोकियोच्या पाहुण्याला त्यातले फारसे काही उमगत नाही. त्यांची बोली 'हाचिजो' या नावाने ओळखली जाते. दक्षिणेकडील आओगाशिमा या चिमुकल्या बेटावरही ती बोलली जाते.

प्राचीन व्याकरणाचे अवशेष

भाषाशास्त्रज्ञांना या बोलीचे आकर्षण वाटते, ते तिच्या व्याकरणामुळे. आठव्या शतकात संकलित झालेल्या 'मान्योशू' या जपानच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात सुमारे साडेचार हजार कविता आहेत. त्यातील चौदाव्या खंडात पूर्व प्रांतांतील लोकगीते, तर विसाव्या खंडात सीमारक्षणासाठी पाठविलेल्या पूर्वेकडील सैनिकांची गीते आहेत. त्यांची भाषा नारा येथील दरबारी भाषेहून वेगळी आहे. मुख्य भूमीवर ही पूर्वेकडील बोली पुढे लुप्त झाली. तिची काही वैशिष्ट्ये हाचिजोत मात्र टिकून राहिली.

उदाहरणार्थ, 'उंच डोंगर' यासाठी प्राचीन दरबारी भाषेत 'ताकाकी यामा' आणि आजच्या प्रमाण जपानीत 'ताकाइ यामा' असे रूप आहे. हाचिजोत 'ताकाके यामा' म्हणतात. विशेषणाचा हा 'के' प्रत्यय त्या पूर्वेकडील गीतांतही आढळतो. क्रियापदांचेही तसेच. 'लिहितो तेव्हा' याला प्रमाण भाषेत 'काकु तोकी', तर हाचिजोत 'काको तोकी' असे म्हटले जाते. नामापूर्वी येणारे क्रियापदाचे हे 'ओ'कारान्त रूपही बाराशे वर्षांपूर्वीच्या गीतांची आठवण करून देते.

निर्वासनाची भूमी

हे जुनेपण टिकण्यामागे भूगोलाचा मोठा वाटा आहे. बेटाच्या उत्तरेकडून कुरोशिओ हा वेगवान सागरी प्रवाह वाहतो. शिडाच्या जहाजांच्या काळात तो ओलांडणे जोखमीचे होते. म्हणूनच एदो काळातील तोकुगावा राजवटीने या बेटाचा उपयोग हद्दपारीसाठी केला. सेकिगाहाराच्या लढाईत पराभूत झालेला सरदार उकिता हिदेइए १६०६ मध्ये येथे आला आणि सुमारे अर्धशतक काढून १६५५ मध्ये येथेच वारला. एकोणिसाव्या शतकात हद्दपार झालेल्या कोन्दो तोमिझो याने 'हाचिजो जिक्की' हा बृहद्ग्रंथ लिहिला. बेटाचा इतिहास आणि चालीरीती यांच्या अभ्यासकांना तो आजही उपयुक्त ठरतो.

बेटावरील लोकांबरोबर बोलीनेही प्रवास केला. १९०० मध्ये हाचिजोच्या रहिवाशांनी ओकिनावाच्या पूर्वेकडील दाइतो बेटांवर वसाहत केली. तेथे या बोलीचा ओकिनावाकडील भाषांशी संगम झाला. दुसरीकडे, हाचिजोजिमालगतच्या हाचिजो-कोजिमा बेटावरील सर्व रहिवासी १९६९ मध्ये स्थलांतरित झाले आणि तेथील बोलीचा मूळ आधारच नाहीसा झाला. हाचिजोजिमावरील पाच जुन्या वस्त्यांतही उच्चार आणि शब्दांत फरक आढळतो. त्यामुळे बोली नष्ट होण्यात केवळ एका नव्हे, तर अनेक स्थानिक रूपांचा ऱ्हास दडलेला आहे.

बोली की भाषा?

जपानमध्ये पूर्वापार हाचिजोला जपानी भाषेची बोली मानण्यात येते. 'युनेस्को'ने मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकटग्रस्त भाषांच्या जागतिक नकाशात तिची स्वतंत्र भाषा म्हणून नोंद केली. जपानमधील ज्या आठ भाषा त्यात संकटग्रस्त ठरविण्यात आल्या, त्यांत ऐनू आणि ओकिनावा परिसरातील भाषांबरोबर हाचिजोचाही समावेश आहे. 'निश्चितपणे संकटात' हा तिला मिळालेला दर्जा आहे. मुले घरात ती मातृभाषा म्हणून शिकत नाहीत, असा त्याचा अर्थ.

२०२०च्या जनगणनेनुसार हाचिजो नगराची लोकसंख्या सुमारे सात हजार होती. आओगाशिमाची तर दोनशेहूनही कमी. त्यातही बोली अस्खलित बोलणारे प्रामुख्याने वृद्ध आहेत. प्रमाण भाषेतील शालेय शिक्षण, दूरचित्रवाणी आणि शिक्षण-नोकरीसाठी तरुणांचे मुख्य भूमीकडे होणारे स्थलांतर ही त्याची प्रमुख कारणे होत. राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाशास्त्र संस्थेने बोलीचे सर्वेक्षण केले असून, मुलांसाठी बोलीतील वाक्यांचे 'कारुता' हे पत्त्यांचे खेळही तयार झाले आहेत.

पाहुण्यांचे स्वागत करणारा 'ओजारियारे' अर्थात 'या, यावे' हा शब्द बेटावर आजही पाहायला मिळतो. परंतु फलकावर एखादा शब्द उरणे आणि घराघरांत बोली नांदणे यांत मोठे अंतर आहे. 'मान्योशू'तील पूर्वेकडील गीतांचे व्याकरण आजही जिवंत माणसांच्या तोंडून ऐकता येते, ते हाचिजोमध्ये. ध्वनिमुद्रणे आणि शब्दकोश तिची नोंद ठेवतील. पण ती बोलणारी पुढची पिढी केवळ घरातच घडू शकते.