२२ जून : एक हाताचा, एक पायाचा
१९८६ : मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाने इंग्लंडला २-१ असे हरवले. ५१व्या मिनिटाला दिएगो मॅराडोनाने गोलरक्षक पीटर शिल्टनच्या डोक्यावरून चेंडू चक्क हाताने जाळ्यात ढकलला. इंग्लंडने ओरडा केला, पण ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांनी गोल दिला. चारच मिनिटांनी याच पठ्ठ्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निम्मा इंग्लंड संघ चकवत दुसरा गोल केला. २००२मध्ये फिफाच्या मतदानात हा गोल शतकातला सर्वोत्तम ठरला. पहिला गोल म्हणजे सरळ चोरी, आणि तिला ‘देवाचा हात’ म्हणून मिरवणे त्याहून वाईट. डाग आहेच, पण त्याने दुसरा गोल पुसला जात नाही. त्या सामन्यातला त्याचा शर्ट २०२२मध्ये ७१ लाख पौंडांना विकला गेला. बोली नेमकी कोणत्या गोलावर लागली, कोण जाणे!