वळवलेले पाणी

इंग्रजीतील 'डायव्हर्ट' हे क्रियापद लॅटिनमधून आले. मूळ अर्थ बाजूला वळवणे. चिंतेतून मन बाजूला नेणारी करमणूकही म्हणूनच इंग्रजीत 'डायव्हर्जन' ठरते. मराठीत मात्र मन वळवणे म्हणजे राजी करणे! पाण्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे. शिंपण्यासाठी आपण पाट वळवतो, तसे माणूस नदीही वळवतो.

देवरूखला पडणारा पाऊस अरबी समुद्राकडे जातो. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडचा पूर्वेला. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना कराडला कृष्णेस मिळते. म्हणजे तिचे पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागराचे. ते धरणात अडवून, बोगद्यातून पोफळीकडे साडेचारशे मीटरांहून अधिक खाली आणून १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. तेथून हे पाणी वाशिष्ठी नदीत येते.

जनित्र फिरवून पाणी संपत नाही, पण कृष्णेच्या खोऱ्याला ते परतही मिळत नाही. म्हणूनच तंटा झाला. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने कोयना प्रकल्पातून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.

लोलकातून जाताना प्रकाशकिरण वळतो, तेव्हा कोणी तहानलेला राहत नाही. पाणी वळवताना तसे म्हणता येत नाही. तेव्हा वर्गात हा शब्द आला की 'कोठून' आणि 'कोठे' यांबरोबर 'कोणाच्या वाट्याचे' हेही विचारावे, असे आम्हाला वाटते.