बीडच्या पळवाटा



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पळवाट हा शब्द आपल्याकडे वकिलांच्या आणि ऋणकोंच्या संगतीत वाढलेला. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम? पण मी तो अगदी सरळ अर्थाने घेतला आहे. ज्या वाटेवर माणसाने पळावे, ती पळवाट. अशा वाटा आपल्या बीड गावाभोवती कोठे आहेत, त्या कोणी पाडल्या आणि आज त्या आपल्याला का दिसेनाशा झाल्या, एवढेच मला सांगायचे आहे.

पहाटे पाचाच्या सुमारास गावाबाहेर पडून पाहा. कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला तरुण मुले पळताना दिसतील. त्यांतली पुष्कळशी पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर ठराविक वेळात पळून दाखवावे लागते, आणि कोरडवाहू घरातल्या मुलाला ते काही सेकंद म्हणजे आयुष्याची भाकरी असते. मैदान जवळ नसते, म्हणून ती डांबरी रस्ता धरतात. १९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी बीड-परभणी रस्त्यावर घोडका राजुरी येथे अशाच पळणाऱ्या मुलांवर भरधाव बस गेली आणि तीन तरुण जागच्या जागी गेले. त्या आठवड्यात गावात ज्याने त्याने रस्त्याला, वाहनाला, दैवाला दोष दिला. मला मात्र एक साधा प्रश्न छळू लागला. ज्या मुलखात माणसे हजार वर्षे पायांनीच हिंडली, त्या मुलखात पोरांना पळायला डांबराशिवाय वाट सापडू नये, हे झाले कसे?

पायांनी हिंडण्याची ही गोष्ट जुनी आहे. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हापासून या भागात त्याची ये-जा होती. बीड मुक्कामी त्याचा एक दात पडला आणि तो त्याने समारंभाने पुरून त्यावर घुमट बांधविला, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. दाताची ती कबर आपल्या गावापासून फार दूर नाही. दाताला कबर मिळाली, पण त्या बादशहाचे राज्य ज्यांच्या पायांवर चालले होते त्यांची आठवण कोठेच नाही. इब्न बतूता या मोरक्कोच्या प्रवाशाने तेवढी ती ठेवली. तो म्हणतो की, सुलतानाची पायडाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती. एका कोसात तीन टप्पे. जासुदाच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे लावलेली काठी. घुंगरे वाजली की पुढच्या टप्प्यावरचा माणूस कंबर कसून उभा राही. आणि ही डाक नुसती पत्रेच नेत नसे. सुलतान दौलताबादेस असला म्हणजे त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून येथवर माणसांच्या पायांनी येत असे.

पाण्यासाठी पळणे. मित्रहो, बीडच्या वाटांचे सगळे मर्म मला या दोन शब्दांत दिसते. नकाशा पुढे घेऊन बसलात तर आपल्यालाही दिसेल की, आपल्या गावाभोवतीची जुनी वाट बहुधा पाण्याकडे जाते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे माणूस सहल म्हणून घराबाहेर पडला नाही. घागर घेऊन पडला. देवसुद्धा आपण पाण्यात बसविला. चालुक्य-यादवांच्या काळातले कंकालेश्वराचे मंदिर कुंडाच्या मधोमध उभे आहे, ते उगीच नव्हे.

खजाना विहीर घ्या. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. बांधणारा राजा भास्कर. गावाच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्याच्या बाजूला ही विहीर आहे. भुयारी नळांनी पाणी विहिरीत येते आणि तसेच भुयारी नळाने गावाकडच्या शेतांना जाते. मोट नाही, यंत्र नाही. सारे काम जमिनीच्या उताराचे. आता यात पळणाऱ्याचा काय लाभ, असे आपण विचाराल. लाभ आहे. पाणी ज्या अंगाने स्वतः चालत येते, त्या अंगाचा उतार मंद आणि सलग असलाच पाहिजे. एके ठिकाणी जरी तो उलटला तरी पाणी अडेल. बिंदुसराही दक्षिणेच्या बालाघाटातून उतरून गावातून उत्तरेस जाते. तेव्हा गावाकडून दक्षिणेस पळत निघालात की जाताना, दम ताजा असताना, हलका चढ लागतो, आणि परतताना, पाय जड झाल्यावर, उतार हाताशी येतो. पळण्याच्या वाटेला याहून चांगला गुण नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या स्थापत्यकाराने आपल्यासाठी चढउताराची मोजणी करूनच ठेवली आहे. मोठ्या रस्त्याने मात्र जाऊ नये. शिवारातल्या गाडीवाटा धराव्या.

पूर्वेस खंडोबाची टेकडी आहे. दोन उंच दीपमाळांकडे पाहत चढणे ही छाती भरविण्याची उत्तम तालीम, पण ती रोजची वाट नव्हे. गुडघे तक्रार करतात, माझे तर करतातच. आणखी दक्षिणेस गेले की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव, आणि त्याच्याही पलीकडे घाटात कपिलधार, जेथे मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकात पायी दिंड्या येतात. एवढी मजल नवशिक्याने मारू नये. मुक्ताबाईंची पालखी पंढरीस जाताना बीडवरूनच जाते. वारीत एकेका ठिकाणी वारकरी ‘धावा’ करतात, म्हणजे खरोखरच पळत सुटतात. म्हातारीकोतारीसुद्धा. त्यांना कोणी वेळ लावून पळा म्हणून सांगितलेले नसते.

या झाल्या नावाजलेल्या वाटा. पण माझ्या मते बीड जिल्ह्यातल्या सर्वांत चांगल्या पळवाटा कोणत्याही राजाने पाडलेल्या नाहीत. त्या १९७२ च्या दुष्काळाने पाडल्या. सभागृहात पन्नाशी-साठी उलटलेली मंडळी आहेत, त्यांना सुकडी आणि मिलो हे शब्द सांगावे लागणार नाहीत. त्या वर्षी गावेच्या गावे कामावर गेली. पुरुषांनी खणले, बायांनी टोपल्या वाहिल्या, पोरांनी खडी गोळा केली. गावोगावचे कच्चे रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव त्या हातांनी उभे राहिले. ही कामे दगडामातीची आणि मुरमाची. मुरूम हा पायाचा मित्र आहे. डांबरासारखा तो घोट्याला धक्का देत नाही, आणि पाऊस पडला तरी तासाभरात वाळतो. उलट काळ्या रानातल्या वाटेने श्रावणात पळून पाहा. प्रत्येक बुटाला दोन-दोन शेर चिखल लागून माणूस जागीच नांगरला जातो. तलावाच्या बांधावरची मुरमाड वाट सपाट असते, तीवर वाहन क्वचितच येते, आणि पहाटेचा वारा पाण्यावरून येतो. आजीने सुकडीवर राबून जो बांध घातला, त्यावर नातवाने भरतीसाठी पळावे. असे बांध सोडून तो ट्रकांच्या दिव्यांसमोर पळतो, याचे मला दुःख होते.

आणि या मातीत पळून काय होते याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे आईवडील वीटभट्टीवर काम करीत. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही. मुलगा कधी चालत, कधी पळत जाई. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचेनच्या बर्फात राहिले, आणि स्पर्धेतले पळणे सुरू केले ते त्यानंतर, १९१५ नव्हे, २०१५ साली. हे साल मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण इतक्या उशिरा सुरुवात केलेला माणूस पुढे कोठे पोहोचला ते पाहा. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक; पहिला आलेला केनियाचा धावपटू त्यांच्यापुढे होता तो सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. आष्टीसारख्या कोरड्या तालुक्यातल्या मुलाने पाण्याच्या खड्ड्यांची शर्यत निवडावी, यात नियतीची थट्टा आहे खरी. पण त्यांची शाळेची वाट कोणी क्रीडांगण म्हणून आखली नव्हती, हे ध्यानात घ्या.

मग या वाटा गेल्या कोठे? बहुतेक नाहीशा झाल्या नाहीत, बुजल्या आहेत. नळ आले, टँकर आले, मोटारसायकल आली, आणि पाण्यासाठी पायी जाणारे माणूस उरले नाही. वाट चालल्यावाचून राहिली की बांधकरी नांगर हातभर पुढे सरकवतो. दरसाल हातभर. परंतु कागदावर ती जिवंत असते. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो. त्यात पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखविलेली असते. पूर्वापार वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट वाचण्यात आनंद वाटतो. मला हल्ली या तुटक रेषा वाचण्यात वाटतो.

गेल्या हिवाळ्यात भरतीची तयारी करणारी दोन मुले बरोबर घेऊन मी असाच एक नकाशा हाती धरून गावापासून दोन कोसांवरच्या शिवारात गेलो. एकेरी तुटक रेषा एका जुन्या विहिरीकडे जात होती. प्रत्यक्षात तेथे बाभळीच्या काट्यांची झाप लावलेली. मालक म्हातारे गृहस्थ होते. नकाशा पाहून भांडतील असे मला वाटले. ते म्हणाले, “वाट हायेच की. आमची आजी याच वाटेनं पाण्याला जायची. बंद म्या केली, कारण चालणारं कुणी राह्यलं न्हाई.” आणि त्यांनीच काठीने झाप बाजूला ओढली. मुलांनी ती वाट जाऊन-येऊन पावलांनी मोजली. सोळाशे मीटरला चाळीस पावले कमी भरली. ती त्यांनी विहिरीला वळसा घालून पुरी केली.