अन्ननलिकेत चरबीची गाठ: कशी ओळखतात, कधी काढतात?

पाठीला, दंडाला कातडीखाली मऊ गाठ असते, दाबली की सरकते. तिला आपण चरबीची गाठ म्हणतो, डॉक्टर लायपोमा. तशीच गाठ क्वचित अन्ननलिकेच्या अस्तराखाली होते. ती हळूहळू वाढते. लहान असताना त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सिटी स्कॅनमध्ये अचानक दिसते.

मोठी झाली की भाकरीचा घास छातीत अडकतो. काही गाठी देठाला लोंबतात. अशी गाठ उलटी-खोकल्यासोबत तोंडात येऊ शकते आणि श्वासनलिकेच्या तोंडावर बसली तर जीव गुदमरतो. तेव्हा वाट बघू नका, लगेच 108 ला फोन करा.

दुर्बिणीतून गाठ गुळगुळीत, पिवळसर दिसते. चिमट्याने दाबली की उशीसारखी दबते. वरवरचा तुकडा काढला तर रिपोर्ट बऱ्याचदा 'नॉर्मल' येतो, कारण चरबी अस्तराच्या खाली असते. म्हणून सिटी स्कॅन किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करतात.

लहान, त्रास न देणारी गाठ काढायची घाई नको. मोठी गाठ दुर्बिणीतून, नाहीतर ऑपरेशन करून काढतात. देठात रक्तवाहिनी असते, त्यामुळे हे काम मोठ्या हॉस्पिटलातच व्हावं. काढ्याने गाठ विरघळत नाही. काढलेली गाठ लॅबला गेली का, हे नक्की विचारा. लायपोसार्कोमा हा चरबीचा कॅन्सर कधी कधी हुबेहूब असाच दिसतो.

आणि घास अडकतोय म्हणजे चरबीचीच गाठ, असं धरू नका. ती दुर्मिळ आहे. तंबाखू-दारूची सवय, वजन घटतंय, आधी भाकरी अन् मग पाणीही अडकतं, अशा माणसाची कॅन्सरसाठी दुर्बिणीची तपासणी आधी करावी लागते.