म्युलर (जर्मन आडनाव)

म्युलर : जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. अर्थ ‘गिरणीवाला’, म्हणजे पाणचक्कीवर किंवा पवनचक्कीवर गावाचे धान्य दळून देणारा. जर्मनीत शंभर माणसांमागे जवळपास एक जण म्युलर असतो. स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक याच आडनावाचा आहे. ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर पुढे आहे. नावातला पहिला स्वर मराठीत नाही. ओठ ‘उ’साठी करतो तसे गोल ठेवून ‘इ’ म्हटले की तो निघतो. ‘म्यु’ ही देवनागरीतली त्यातल्या त्यात जवळची सोय.

जर्मनीतले हे सर्वांत नेहमीचे नाव मुळात जर्मन शब्द नाही. लॅटिनमध्ये ‘मोलेरे’ म्हणजे दळणे. त्यावरून उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये ‘मोलिना’ म्हणजे गिरणी आणि ‘मोलिनारिउस’ म्हणजे गिरणीवाला हे शब्द आले. प्राचीन जर्मनमध्ये त्याचे ‘मुलिनारी’ झाले, पुढे ‘म्युल्नर’ आणि मधला ‘न’ गळून ‘म्युलर’. हाताने ओढायच्या जात्याला जर्मन टोळ्यांकडे ‘क्विर्न’ हा स्वतःचा शब्द होता. पाण्यावर फिरणारी चक्की मात्र त्यांनी रोमनांकडून घेतली आणि तिच्याबरोबर तिचे नावही घेतले. जाते मागे पडले तसा त्याचा शब्दही मागे पडला.

या नावाचे खरे मर्म गावातल्या गिरणीच्या जागेत आहे. गिरणी ओढ्याकाठी, बहुधा वस्तीपासून थोडी दूर असे. पण गावातल्या प्रत्येक घराला तिथे जावेच लागे. आठव्या शतकातल्या बव्हेरियन कायद्यात चर्च, सरदाराचा वाडा, लोहाराची भट्टी आणि गिरणी या सर्वांसाठी उघड्या जागा मानल्या आहेत आणि तिथल्या चोरीला जास्त कडक दंड सांगितला आहे. तेराव्या शतकातल्या ‘साक्सनश्पीगल’ या कायदेग्रंथात गिरणीवर जो आधी येईल त्याचे आधी दळावे असा नियम आहे. रांगेत उभे असताना जर्मन माणूस आजही हा नियम म्हण म्हणून वापरतो.

पुष्कळ ठिकाणी जमीनदाराची सक्ती असे, की रयतेने दळण त्याच्याच गिरणीवर न्यावे. गिरणीवाला मजुरी धान्यातच घेई. अनेक प्रदेशांत ती सोळावा हिस्सा होती. पोते देऊन पीठ घेणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या धान्यातले किती गेले हे कळण्याची सोय नव्हती. त्यातून गिरणीवाल्याबद्दलचा संशय वाढला आणि काही नगरांत त्याच्या धंद्याला अप्रतिष्ठित ठरवून त्याच्या मुलांना कारागीर-संघांत घेतले जात नसे. १५४८ च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या नियमावलीत विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर गिरणीवाल्यांच्या मुलांनाही संघांत प्रवेश द्यावा असे बजावावे लागले. जे नाव आज जर्मन सर्वसामान्यपणाची खूण समजले जाते, त्याच्या धारकांना एके काळी दारात उभे केले जात नव्हते, ही गोष्ट नोंदीत ठळकपणे यायला हवी.

बाराव्या शतकापासून, आधी दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या नगरांत, लोकांना आडनावे चिकटू लागली. बाप्तिस्म्याची नावे मोजकीच, गावात योहान्स चार-चार. मग हा लोहाराचा, हा टेकडीवरचा, हा गिरणीवाला, अशी ओळख सांगितली जाई आणि ती मुलांकडे उतरत गेली. म्युलर इतके का झाले, याचे उत्तर इथे आहे. गावात शेतकरी सगळेच असत, म्हणून ‘शेतकरी’ म्हटल्याने कोणाची ओळख पटत नसे. गिरणीवाला बहुतेक ठिकाणी एकच असे, आणि असा एकेक गावोगावी होता. स्थानिक पातळीवर अचूक असलेली खूण देशभराची बेरीज केली की सर्वांत ढोबळ ठरते. श्मिट (लोहार), श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), वेबर (विणकर) ही पुढच्या क्रमांकांची नावेही याच वाटेने आली आहेत. मात्र श्मिट, श्मिड, श्मिट्स अशी लोहाराची सगळी रूपे एकत्र मोजली तर लोहार गिरणीवाल्याला मागे टाकतो.

आडनावाचा बायकी अवतारही होता. अठराव्या शतकापर्यंत बायकोच्या किंवा मुलीच्या आडनावाला ‘-इन’ लागे; शिलरच्या १७८४ सालच्या नाटकाचे पहिले नाव ‘लुइझं मिलरिन’ होते. १ जानेवारी १८७६ पासून जर्मन साम्राज्यभर नागरी नोंदणी कार्यालये सुरू झाली आणि नोंदीत जे लिहिले गेले तेच लेखन कायम राहिले.

उत्तरेकडच्या बोलींत हेच नाव मोलर असे येते. त्यातला ‘मो’ ओठ गोल करून ‘ए’ म्हणावा तसा उच्चारतात. डेन्मार्कमध्येही तेच रूप आहे. नेदरलँड्समध्ये मुल्डर, दक्षिणेच्या काही बोलींत मिलर, ऑस्ट्रियाकडे म्युल्नर. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या विद्वानांना लॅटिन नाव हवे असे. त्यांनी मोलिटोर आणि म्युलिउस ही रूपे घेतली. गिरणी काय काम करते त्यावरूनही फाटे फुटले. झेगम्युलर लाकूड कापणारा, ओलम्युलर तेल गाळणारा, वाल्कम्युलर लोकरी कापड कांडणारा आणि लोम्युलर कातडे कमावण्यासाठी ओकच्या सालीची भुकटी करणारा. ओढ्यावर दोन गिरण्या असल्या की वरचा ओबरम्युलर, खालचा नीडरम्युलर. शेजारच्या भाषांनीही आपापल्या गिरणीवाल्यांना आडनावे दिली : हंगेरियन मोल्नार, चेक म्लिनार्श, युक्रेनियन मेल्निक. अमेरिकेत गेलेल्या असंख्य म्युलरांचे मिलर झाले, आणि इंग्रज मिलरांत ते असे मिसळले की आता नावावरून वंश सांगता येत नाही. ओहायोच्या आमिश पंथाच्या वस्त्यांत मात्र मिलर म्हणजे बहुधा जुना म्युलरच.

इतके सामाईक झालेले नाव जवळ असले की त्याला काहीतरी जोडावे लागते. फ्रांकोनियातल्या क्योनिग्सबेर्ग गावच्या योहान्स म्युलर (१४३६–१४७६) या गणिती-ज्योतिर्विदाला जग गावाच्या लॅटिन नावावरून रेगिओमोन्टानुस म्हणून ओळखते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान म्युलर याने आपल्या परगण्याचे नाव जोडून म्युलर-थुर्गाऊ असे लिहायला सुरुवात केली. १८८२ मध्ये त्याने गायझनहाइम येथे तयार केलेली द्राक्षाची जातही त्याच जोडनावाने ओळखली जाते. साधी बाई म्हणायची असेल तर जर्मन भाषेत ‘लीसशेन म्युलर’ म्हणतात. पण नाव न बदलताही ओळख उमटवणारे आहेतच : डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधून १९४८ चे नोबेल मिळवणारे पाउल म्युलर, १९७० च्या विश्वचषकात दहा गोल करणारे गेर्ड म्युलर, आणि रोमानियातल्या जर्मन वस्तीत जन्मून २००९ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या हेर्टा म्युलर.

मराठी वाचकाला जो म्युलर सर्वांत जवळचा, त्याने जोडणीचा हा प्रकार सर्वांत दूरवर नेला. डेसाऊचे कवी विल्हेल्म म्युलर (१७९४–१८२७) यांनी गिरणीवरच्या तरुणाच्या प्रेमाची कवितामाला लिहिली. संगीतकार शूबर्टने १८२३ मध्ये तिला चाली दिल्या. त्याच वर्षी विल्हेल्म यांना मुलगा झाला, फ्रीडरिश माक्स (आपल्याकडे मॅक्स) म्युलर. संगीतकार वेबरच्या ‘डेअर फ्रायश्युट्स’ या संगीतनाटकातल्या नायकावरून त्याला ‘माक्स’ हे नाव मिळाले. नुसते म्युलर फार सामान्य म्हणून पुढे त्याने ‘माक्स’ हे आडनावाचाच भाग करून टाकले. ऑक्सफर्डला राहून त्याने सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड संपादित केले (१८४९–१८७४) आणि संस्कृत मुखपृष्ठावर स्वतःला मोक्षमूलर भट्ट, जर्मनीला शार्मण्य आणि ऑक्सफर्डला गोतीर्थ म्हटले. गिरणीवाल्याच्या नावात संस्कृतने मोक्षाचे मूळ वाचले, हे या आडनावाचे सर्वांत सुंदर रूप म्हणावे लागेल.

१८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत मॅक्स म्युलर होते, आणि तुरुंगात टिळकांना आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांनीच पाठवली. १९०३ मध्ये निघालेल्या आर्यांच्या उत्तर ध्रुवीय वसतिस्थानावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी या उपकाराची नोंद केली आहे. मुंबईत आणि पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला इथले लोक गटेच्या नावापेक्षा मॅक्स म्युलर भवन म्हणूनच ओळखतात. दोन टिंबांचा ‘उ’ रोमन टंकात नसला की ‘उ’ आणि ‘ए’ ही अक्षरे शेजारी ठेवतात. भवनाच्या रोमन पाटीवर नाव तसेच लिहिलेले असते.