तोतयाचा फोन

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाची खात्री पुष्कळांना पटली नाही. त्या शंकेतूनच भाऊंचा तोतया उभा राहिला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकले. पुढे १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि त्याच साली पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच्यापाशी स्वतःचे काही नव्हते. होते ते एक मोठे नाव, आणि त्या नावावर विश्वास ठेवायला तयार असलेली माणसे.

आजचा तोतया घोड्यावरून येत नाही, फोनवरून येतो. त्याचाही इतिहास आता पंधरा-वीस वर्षांचा झाला आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशी कंपन्यांनी आपली ग्राहकसेवा भारतातल्या कॉल सेंटरांकडे सोपवायला सुरुवात केली. कॉम्प्युटर अडला की लंडनचा किंवा टेक्सासचा ग्राहक फोन करी आणि इकडचा एखादा पदवीधर त्याला वाट दाखवी. परक्या धाटणीचे इंग्रजी बोलणारा मदतनीस तिकडे ओळखीचा झाला. इंटरनेटवरून फोन करणेही अगदी स्वस्त झाले. खरे नाणे चालू असते तिथेच खोटे खपते. साधारण २००८ पासून ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या घरांत उलटे फोन जाऊ लागले : “मी मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे.”

पुरावा दाखवण्याची युक्ती मोठी सोपी होती. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक नोंदवही असते. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही तिच्यात लाल-पिवळ्या खुणा दिसतातच. तीच वही ग्राहकाला उघडायला लावायची आणि त्या खुणांना व्हायरस म्हणायचे. कधी एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवायचा : “हा फक्त तुमच्याच कॉम्प्युटरचा नंबर, पाहा जुळतो का!” तो जुळे, कारण तो सगळ्याच विंडोज कॉम्प्युटरांत एकच असतो. समोरचा घाबरला की दुरून कॉम्प्युटर चालवता येणारे सॉफ्टवेअर त्याच्याकडून उतरवून घ्यायचे आणि ‘दुरुस्ती’चे पैसे मागायचे. कोणी नकार दिलाच, तर विंडोजमधल्याच ‘सिसकी’ या सोयीने त्याच्या कॉम्प्युटरला कुलूप ठोकायचे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० मधून ती सोय काढून टाकली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा टोळ्यांवर सहा खटले जाहीर केले. माणशी ४९ ते ४५० डॉलर उकळले गेले होते, आणि बरेचसे फोन भारतातून होत होते. मग तोतयांनी पवित्रा बदलला. स्वतः फोन करण्याऐवजी ते पडद्यावर भोंगा वाजवणारी सूचना आणि खाली एक फोन नंबर झळकवू लागले. घाबरलेले गिऱ्हाईक आपण होऊनच फोन करू लागले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथले तोतये अमेरिकन करखात्याचे अधिकारी बनून धमकावत होते. त्याच महिन्यात अमेरिकेत अशाच फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोपपत्र दाखल झाले. या प्रकरणाची आपल्याला बोच लागायला हवी. त्या टेबलांवर बसलेली बरीचशी मुले नोकरी शोधत आलेली, जेमतेम विशी-पंचविशीतली होती. चांगला पगार, रात्रपाळी आणि हातात लिहून दिलेले संवाद एवढ्यावर मुलगा कामाला लागला, तर कंपनी नेमके काय विकते हे घरच्यांनी विचारलेच पाहिजे.

परदेशासाठी धार लावलेले हे हत्यार लवकरच घरावरही फिरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ ॲपच्या आडून खाती रिकामी होत असल्याचा इशारा दिला. त्यानंतर केवायसीचे फोन आले, आणि अलीकडे ‘डिजिटल अटक’ आली. आपल्या समाजातली कितीतरी वडीलधारी मंडळी मुले पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात असल्यामुळे एकटी राहतात. तोतयाला अशीच घरे हवी असतात.

त्याला ओळखायचे कसे? तो आपण न बोलावता येतो, मोठे नाव सांगतो, भीती घालतो आणि फोन ठेवू देत नाही. घरात कोणाला सांगू नका, असेही बजावतो. मायक्रोसॉफ्ट कोणाला आपण होऊन फोन करून व्हायरस झाल्याचे सांगत नाही, आणि तिच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ‘डिजिटल अटक’ कोणत्याही कायद्यात नाही. तेव्हा वाद न घालता फोन ठेवावा. शंका असेल तर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर पाहून आपण स्वतः बँकेला फोन करावा. पडद्यावर भोंगा वाजू लागला तर सरळ कॉम्प्युटर बंद करावा.

कोणी आत शिरलाच, तर आधी इंटरनेट तोडावे. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, आणि ते सॉफ्टवेअर काढून कॉम्प्युटर जाणकाराकडून तपासून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, परवानगीवाचून झालेल्या व्यवहाराची तक्रार केल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे असते. म्हणून लाजेपोटी घालवलेली रात्र महागात पडते. फसलेल्याला घरच्यांनी बोल लावू नये. बोलणी बसतील या भीतीनेच माणसे गप्प राहतात.

भाऊंच्या तोतयापुढे किल्लेदारांनीही दरवाजे उघडले होते, तेव्हा फसणे हे काही अडाणीपणाचे लक्षण नव्हे. या दहा दिवसांत मंडपात सगळ्या वयाची माणसे एकत्र बसतात. आरती आटोपली की नातवंडांनी आजी-आजोबांच्या फोनमध्ये १९३० हा क्रमांक टाकून द्यावा, आणि तो कशासाठी तेही समजावून सांगावे.